बहिणीच्या नावाने शिष्यवृत्ती सुरू करताय? आधी एवढं करा

दादा, ताई गेल्या, आता त्यांच्या नावाने लगेच ट्रस्ट काढावा असं तुम्हाला वाटतंय. माझा भाऊ गेला तेव्हा मीही महिन्याभरात ट्रस्ट काढायला धावलो होतो. ती घाई करू नका. ट्रस्ट म्हटला की धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी, दरवर्षी हिशेब हे सगळं आलंच. सुरुवातीला ताई शिकल्या त्या शाळेत किंवा कॉलेजात जाऊन बोला. बऱ्याच संस्था देणगीची ठेव ठेवून व्याजातून शिष्यवृत्ती देतात. अटी मात्र लेखी घ्या.

मुद्दलाला हात लावायचा नाही. समजा दोन लाखांची ठेव ठेवली, तर ७ टक्के व्याजाने वर्षाला १४,००० होतात. ते चौघींत वाटू नका. पेठ-सुरगाण्यासारख्या आदिवासी तालुक्यांतून नाशिकला शिकायला आलेल्या एकाच मुलीला द्या, तिला खरा आधार होईल.

नवीन माणूस हमखास चुकतो ते असं:
- नातेवाइकांचे पैसे स्वतःच्या खात्यात घेतो.
- मुलगी निवडताना फक्त परीक्षेतले टक्के बघतो.
- पैसे द्यायला पुण्यतिथीची वाट बघतो. फी जूनमध्येच भरावी लागते हो!

करसवलतीचं नंतर बघू. आज फक्त आईंना विचारा, शिष्यवृत्तीला ताईंचं कागदावरचं नाव द्यायचं की घरातलं.