देवळात जायचं म्हणतेस तर

प्रिय बाय,

तुझा मेसेज मिळाला. डिसेंबरात येतेयस, आणि त्यातला एक दिवस आपल्या वसईकडच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, जायचं म्हणतेस, आणि लगेच खाली विचारतेस की मावशी जाऊ का नको, कारण जुनं देऊळ पाडलं, आजी नाही, घर विकलं, आणि कॅनडाला गेल्यापासून मिस्साला, चर्चमधल्या उपासनेला, म्हणून कधी गेलीच नाहीस. न जाण्याची एवढी कारणं जमवलीस म्हणजे जायचंच आहे तुला. मग जा. कसं जायचं तेवढं सांगते. धर्मशिक्षणाच्या वर्गात मागच्या बाकावर बसून माझं ऐकायची नाहीस, आता तरी ऐक.

नाताळच्या रात्री जाऊ नकोस. सगळे तेव्हाच येतात आणि म्हणूनच जाऊ नकोस. मंडप, लाइटिंग, साऊंड सिस्टीम, गायनमंडळाचे नवे ड्रेस, आणि तुझ्यासारखे बाहेरून आलेले निम्मे लोक मोबाइल वर धरून उभे. मजा असते, नाही म्हणत नाही, पण तू ज्यासाठी येतेयस ते त्या गर्दीत सापडायचं नाही. साध्या वारी सकाळच्या मिस्साला जा. म्हाताऱ्या असतात मोजक्या, एकदोघी अजून लाल लुगड्यात, मिस्सा संपली की ग्रोटोपाशी, मारियामातेच्या गुहेपाशी, उभ्या राहून अर्धा तास बोलतात, सुनांबद्दल, गुडघ्यांबद्दल, टँकरच्या पाण्याबद्दल. त्यांच्यापाशी जाऊन नुसती उभी राहा. त्याच विचारतील, कोणाची गो तू?

आणि तेव्हा आडनाव सांगू नकोस, काही उपयोग नाही. आपल्याकडे पोर्तुगीजांच्या काळात बाप्तिस्म्याबरोबर आडनावं चिकटली ती एकेका गावात इतकी सारखी की दहा घरांचं आडनाव एक आणि नातं काहीच नाही. तू वाडी सांग, आजोबांचा पानवेलीचा धंदा होता ते सांग, विहिरीपलीकडलं घर म्हण. तेवढ्यावर त्या तुला तुझ्या पणजीपर्यंत नेऊन सोडतील आणि वाटेत तुझ्या बापाने कोणाचे पेरू चोरले तेही सांगतील.

आता इमारतीचं. तू लिहिलंयस की फोटो बघून तुला राग आला, असं कसं पाडलं म्हणून. बरं. मला पण त्या चकचकीत टाइल्स आवडत नाहीत, पावसात त्यावरून माणसं घसरतात, आणि आतला आवाज घुमतो त्यामुळे फादरांचं प्रवचन अर्धं कळतच नाही. पण एक सांग, शेवटच्या काही पावसाळ्यांत तू होतीस का तिथे? वाशांना वाळवी लागलेली, कौलं दर वर्षी शाकारायची, वेदीच्या बाजूला बादल्या ठेवलेल्या, आणि रविवारी निम्मी माणसं बाहेर उन्हात उभी कारण धर्मग्राम, म्हणजे या चर्चचा पॅरिश, वाढला आणि देऊळ तेवढंच राहिलं. जे इथे राहिले त्यांनी वर्गणी काढली, मीटिंगा केल्या, भांडले, आणि बांधलं. तुझ्या बापाने पण तिकडून पैसे पाठवलेले, डाव्या बाजूच्या एका बाकाच्या पाठीवर तुझ्या आजोबांचं नाव आहे, शोध. जुनं राखता आलं असतं का, तर थोडं डोकं लावून आलं असतं असं माझं मत आहे आणि ते मी तेव्हा मीटिंगमध्ये सांगितलं होतं. पण बाहेर गेलेल्या माणसाने परत येऊन पहिलं वाक्य हे बोलू नये. जेवायला बोलावलेल्या पाहुण्याने भांडी का बदलली विचारावं तसं वाटतं ते.

शिवाय तू ज्याला जुनं म्हणतेस ते तुझ्या आजीला नवंच होतं. तिच्या लहानपणी मिस्सा लॅटिनमध्ये, फादर वेदीकडे तोंड करून, लोकांकडे पाठ. बायका चटयांवर बसून आपली जपमाळ ओढायच्या, कारण समजत काहीच नव्हतं. रोमला बिशपांची व्हॅटिकन परिषद झाली 1962 ते 65, त्यानंतर मराठी आली, फादर लोकांकडे वळले, गाणी मराठीत झाली, आणि तुझी आजी कितीतरी दिवस कुरकुरत होती की आता मिस्सा बाजारासारखी वाटते, सगळं कळतं. खरंच असं म्हणायची! नंतर तीच सगळ्यात मोठ्याने गायची. आणि पुढे 1998 मध्ये आपण मुंबईपासून वेगळे झालो, आपल्या बिशपांचा वेगळा वसई धर्मप्रांत झाला, तेव्हाही लोक असेच म्हणत होते की आता पहिल्यासारखं राहणार नाही.

वेळ असेल तर आदल्या दिवशी वसईच्या किल्ल्यात जाऊन ये. लोक तिथे प्रीवेडिंग शूट करतात, तू फ्रान्सिस्कन लोकांचं सेंट अँथनी चर्च शोध, छत नाही पण जमिनीत थडग्यांचे दगड आहेत, पोर्तुगीज अक्षरं कोरलेली, त्यावरून माणसं चपला घालून चालतात. 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई घेतली तेव्हा इथल्या चर्चच्या घंटासुद्धा गेल्या, एक वाईजवळ मेणवलीला घाटावर टांगलेली आहे, नाना फडणवीसांच्या वाड्याच्या मागे, तिच्यावर मरिया आणि बाळ येशू आणि 1707 साल. मी बघितलीय. शाळेच्या सहलीला नेलेल्या पोरांना दाखवली तर एक म्हणाला, बाई आपली घंटा परत मागूया का. मी म्हटलं, राहू दे, तिथे छान दिसते.

आता महत्त्वाचं. ऑफिस.

मिस्सा झाली की लगेच निघू नकोस, धर्मग्रामाच्या ऑफिसात जा. त्याआधी तिथे ईमेल किंवा फोन करून ठेव, असं अचानक जाऊन रजिस्टर दाखवा म्हटलं तर कोणी दाखवणार नाही आणि दाखवूही नये. आजीच्या वडिलांचं नाव आणि अंदाजे साल पाहिजे. बाप्तिस्मा आणि लग्नाच्या नोंदी ठेवायच्या असा नियम चर्चच्या ट्रेंटच्या परिषदेने 1563 मध्ये केला, जगभर केला, म्हणून आपल्यासारख्या केळी-भाजीवाल्या लोकांचा पण लेखी पुरावा आहे, नाहीतर कोण लिहून ठेवणार होतं आपलं. जुन्या नोंदी पोर्तुगीज किंवा लॅटिनमध्ये असतात, आपल्या भागातला कारभार आधी गोव्याकडे, मग दमणच्या बिशपांकडे, आणि 1928 नंतर मुंबईकडे, त्याप्रमाणे भाषा बदलत जाते. घाबरू नको, नावं वाचता येतात. स्पेलिंग मात्र लिहिणाऱ्याच्या मर्जीवर, एकाच घरातल्या तीन भावंडांचं आडनाव तीन प्रकारे लिहिलेलं मिळेल.

त्या एका ओळीत काय काय असतं बघ. जन्म, बाप्तिस्मा, आईबाप, गाव, धर्मपिता, धर्ममाता म्हणजे गॉडफादर-गॉडमदर, फादरांची सही. आणि बाजूला समासात वेगळ्या शाईने, वेगळ्या अक्षरात, नंतरचं: दृढीकरणाचा संस्कार झाला, लग्न अमुक तारखेला अमुक चर्चमध्ये झालं. म्हणजे मुलगी दुसऱ्या गावात लग्न करून गेली तरी तिकडचे फादर इकडे कळवतात आणि तिच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीशेजारी ते लिहिलं जातं, चर्चचा कायदाच आहे तसा. तुझ्या आजीचा खरा वाढदिवस पण तिथे मिळेल. शाळेत मास्तरांनी सगळ्यांना 1 जून लावलेला, तिला आयुष्यभर आपण चुकीच्या दिवशी केक भरवला!

धर्ममातेचं नाव नीट लिहून घे. माझ्या आईच्या नोंदीत त्या जागी जी बाई आहे ती कोण हे मला कोणी सांगेना, शेवटी शेजारच्या म्हातारीने सांगितलं, अगं ती आपल्या वाडीची सुईण. आईचं बाळंतपण अवघड होतं, आजोबांकडे द्यायला पैसे नव्हते, म्हणून तिला मान दिला. घरात कधी कोणी बोललं नव्हतं हे. असं काहीतरी तुझ्याकडे पण निघेल, नाही निघालं तरी ठीक.

फोटो काढायचा तर विचारून, आणि फक्त आपल्या माणसांच्या ओळीचा. शेजारच्या ओळीत दुसऱ्या कोणाचं घर असतं, तिथे बापाच्या जागी रिकामं असू शकतं, ते आपण वाचायचं नाही.

मग दफनभूमी. याची तयारी मनाशी करून ये. जागा कमी, माणसं जास्त, त्यामुळे कायमची घेतलेली कबर नसेल तर काही वर्षांनी तीच जागा दुसऱ्याला देतात, हाडं बाजूला ठेवतात. तुझ्या आजीच्या जागी दुसऱ्याच कोणाचा क्रूस असेल. पहिल्यांदा बघून पोटात खड्डा पडतो. तिथे उभं राहून ऑफिसातल्या क्लार्कशी भांडू नको, त्याचं काही चालत नाही. मधल्या मोठ्या क्रूसापाशी मेणबत्ती लाव, ज्यांच्या कबरी राहिल्या नाहीत त्यांच्या सगळ्यांच्या तिथेच लागतात, 2 नोव्हेंबरला तर तिथे पाय ठेवायला जागा नसते.

विश्वासाचं विचारलंस. मी धर्मशिक्षण शिकवलेली बाई, तुला वाटलं असेल मी आता लेक्चर देणार. नाही देत. ख्रिस्तप्रसादाच्या, वेदीवरच्या पवित्र भाकरीच्या, रांगेत उभं राहायचं नसेल तर बाकावर बसून राहा, शेजारच्या बाईला जायला पाय आखडून घे. म्हाताऱ्या बघतील, बघू दे. देखावा म्हणून उगाच घेऊ नको एवढंच, ते मला आवडणार नाही आणि तुझ्या आजीला तर मुळीच नाही. आणि कन्फेशनला, फादरांपाशी पापं कबूल करायला, जावंसं वाटलं तर जा, फादर तरुण आहेत, त्यांना कॅनडाच्या गोष्टी आवडतात.

बाबाला आणू का विचारलंस, ते मी मुद्दाम शेवटी ठेवलं. आण. तो गुडघे दुखतात म्हणेल, सुट्टी नाही म्हणेल. खरं कारण तुला माहीत नसेल तर माझ्याकडून ऐक, कारण तू आता मोठी आहेस. बिल्डर आले, जमिनीला भाव आला, आणि विक्रीच्या वेळी तुझा बाप आणि मोठा काका यांच्यात जे झालं ते आमच्या वाडीतल्या दहा घरांत झालंय, तुमचं काही वेगळं नाही. तुम्ही कॅनडाला निघायच्या आधीच्या शेवटच्या सणाला दोघं एकाच मिस्साला होते, एक उजवीकडे, एक डावीकडे, आणि मिस्सात एकमेकांना हात देऊन शांती द्यायची वेळ आली तेव्हा दोघांनी आपापल्या शेजाऱ्याला हात दिला. तुझी आजी मधल्या बाकावर. मी तिच्या मागेच बसलेले. म्हणून तुला सांगते, तुझ्या बापाला त्या टाइल्सचं काही नाही, जुन्या कौलांचंही नाही.

काका रोज संध्याकाळी जपमाळेला येतो, हल्ली काठी घेऊन. मी त्याला तुम्ही येताय हे सांगितलेलं नाही. तू म्हणालीस तर सांगेन, बाबाला विचारून मग मला कळव. विरारला उतरलीस की पश्चिमेला शेअर रिक्षा मिळते, सकाळची मिस्सा साडेसहाची, जेवायला माझ्याकडेच यायचं, मासे खातेस ना अजून?

तुझी,
मावशी