दुसऱ्या महायुद्धातलं एक विमान पुन्हा उडतं करायला दहा-वीस वर्षं का लागतात?

तुम्ही विचारलंय, की युद्धकाळात कारखान्यातून तासाला एक विमान बाहेर पडायचं, मग आज सगळी यंत्रं हाताशी असताना तेच विमान उडतं करायला माणसांची अर्धी हयात का जाते? विमानांच्या सांगाड्याची दुरुस्ती हाच माझा पेशा आणि जुनी लढाऊ विमानं हे वेड, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तासाला एक हे खरंच आहे. फोर्डच्या विलो रन कारखान्यात १९४४ मध्ये बी-२४ लिबरेटर ही बॉम्बफेकी विमानं जवळपास त्याच वेगाने तयार होत होती. पण त्यामागे हजारो कामगार होते आणि प्रत्येक भाग अचूक जागी धरून ठेवणारे जिग होते. युद्ध संपलं, जेट विमानं आली आणि ते जिग भंगारात गेले. आज एका पंखासाठी आधी तो धरणारा जिग बांधावा लागतो. जिगसाठी मूळ ड्रॉइंग हवीत, आणि ती मिळाली नाहीत तर चेमटलेल्या भागांवरून मापं काढत बसावं लागतं. सुरुवातीची कित्येक वर्षं यातच जातात.

तरी सगळ्यात जास्त वेळ खातो तो जुना धातू. त्याच्यावर भरवसा ठेवायचा की नाही, हे प्रत्येक तुकड्याच्या बाबतीत वेगळं ठरवावं लागतं. या विमानांचा पत्रा म्हणजे तांबं मिसळलेलं अ‍ॅल्युमिनियम. ते लोखंडासारखं तांबडं गंजत नाही. वरचा रंग शाबूत असतो, पण कडेला नख लावलं की पत्र्याचे पापुद्रे सुटतात. बारीक तडे तर डोळ्यांना दिसतच नाहीत. भागावर लाल द्राव लावायचा, थांबायचं, स्वच्छ पुसायचा, वर पांढरी पूड मारायची. मग तड्यात मुरलेला रंग हळूहळू केसासारखी रेघ होऊन वर येतो. पोलादी भागांना चुंबकाची वेगळी चाचणी. स्पिटफायर या ब्रिटिश लढाऊ विमानाच्या पंखाचा मुख्य स्पार, म्हणजे पंखाचा भार पेलणारी आतली तुळई, तर एकात एक घट्ट बसवलेल्या चौकोनी नळ्यांचा असतो. आतली नळी कशी आहे हे बाहेरून कसं कळणार? म्हणून उडवायचं असेल तर तो बहुतेक वेळा नवाच करतात.

मग रिव्हेट, म्हणजे पत्रे जोडणारे धातूचे खिळे. ड्युरलचे, म्हणजे त्याच तांबं मिसळलेल्या अ‍ॅल्युमिनियमचे रिव्हेट भट्टीत तापवून पाण्यात विझवले की थोडा वेळ मऊ राहतात आणि नंतर आपोआप कडक होत जातात. म्हणून ते फ्रीजरमध्ये ठेवायचे आणि लागतील तेवढेच बाहेर काढायचे. एक जण बाहेरून हातोडा-गन चालवतो, दुसरा आत अंग दुमडून लोखंडी ठोकळा टेकवून बसतो. दोघं एकमेकांना दिसत नाहीत, त्यामुळे बोलणं ठोक्यांतून चालतं: आतून एक ठोका आला तर ‘अजून मार’, दोन आले तर ‘जमलं’, तीन आले तर ‘काढून नवा घाल’. एका विमानात असे हजारो रिव्हेट असतात. हे काम मला फार आवडतं आणि त्यात घाई चालत नाही.

उदाहरण द्यायचं तर ‘ग्लेशियर गर्ल’ हे पी-३८ जातीचं अमेरिकी लढाऊ विमान. जुलै १९४२ मध्ये ते ग्रीनलंडच्या बर्फावर उतरवावं लागलं. १९९२ मध्ये सुमारे ८२ मीटर बर्फाखालून, बर्फ वितळवून केलेल्या विहिरीतून ते सुटं करून वर काढलं. बर्फाच्या भाराने ते चेपलं होतं. ऑक्टोबर २००२ मध्ये ते पुन्हा उडालं, म्हणजे फक्त दुरुस्तीला दहा वर्षं.

मॉस्किटोचा प्रश्न वेगळाच. ते ब्रिटिश लाकडी विमान, बर्चच्या प्लायवूडमध्ये बाल्साचा थर. डिंक सुटला, लाकूड कुजलं की दुरुस्त करण्यासारखं फारसं उरत नाही. न्यूझीलंडच्या ग्लिन पॉवेल यांनी वर्षानुवर्षं खपून धडाचे साचे नव्याने घडवले. त्या साच्यांच्या जोरावर २०१२ मध्ये एक मॉस्किटो उडालं आणि पुढे आणखीही उडाली. मला स्वतःला हे काम सगळ्यात मोठं वाटतं, कारण त्यातून एका विमानापुरती नव्हे तर पुढच्या सगळ्यांची सोय झाली.

घाईने काय होतं याचं उदाहरण म्हणजे ‘की बर्ड’ हे बी-२९ जातीचं अमेरिकी बॉम्बफेकी विमान. १९४७ पासून ते ग्रीनलंडमध्ये पडून होतं. १९९५ मध्ये तिथल्या तिथेच दुरुस्त करून उडवायचा प्रयत्न झाला. उड्डाणासाठी बर्फावरून चालवत नेत असतानाच आतून आग लागली आणि ते जळून गेलं. आजही ते वाचलं की वाईट वाटतं.

आणि काही विमानं उडवूच नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. उडवायचं म्हटलं की सुरक्षिततेसाठी मूळ धातू काढावाच लागतो आणि मग अस्सल फार थोडं उरतं. ‘मेम्फिस बेल’ हे बी-१७ बॉम्बफेकी विमान अमेरिकी हवाई दलाच्या डेटनच्या संग्रहालयाने फक्त प्रदर्शनासाठी सावरलं. युद्धकाळात ते देशभर फिरवलं तेव्हा लोकांनी त्याच्या पत्र्यावर कोरलेली नावंही त्यांनी राखली. ते विमान तिथे २००५ मध्ये आलं आणि लोकांसमोर आलं मे २०१८ मध्ये. न उडवताही जवळपास तेरा वर्षं लागलीच.