रंकाळ्यावर पहाटे धावणाऱ्या ताईंच्या प्रश्नाला सविस्तर उत्तर

ताई, तुमचा प्रश्न वाचला आणि उत्तर लिहिल्याशिवाय राहवले नाही. पहाटे कोल्हापूरच्या रंकाळा तलावाभोवती धावणे, संध्याकाळी जिम, प्रत्येक पदार्थ काट्यावर मोजून खाणे, चुलतबहिणीच्या लग्नात घरून नेलेला डबा, आणि चार महिने पाळी नाही, असे तुम्ही लिहिले आहे. आई याला वेड म्हणते, ट्रेनर याला निष्ठा म्हणतात, आणि ज्या डॉक्टरांना दाखवले त्यांनी पीसीओडी (बीजकोष आणि संप्रेरकांशी संबंधित विकार) असल्याचे सांगून वजन आणखी उतरवण्याचा सल्ला दिला. यातले कोणाचे खरे मानायचे, हा तुमचा प्रश्न आहे. काही वर्षांपूर्वी मला कोणी विचारले असते तर मीही माझा दिनक्रम जवळजवळ याच शब्दांत सांगितला असता.

मी डॉक्टर नाही आणि आहारतज्ज्ञही नाही, त्यामुळे पुढचे सारे एका अनुभवी रुग्णाचे मत म्हणून वाचावे. माझे वजन किती होते, मी किती खात होते, हे आकडे मी मुद्दाम लिहिणार नाही, कारण या अवस्थेत दुसऱ्याचा आकडा दिसला की मन लगेच त्याच्याशी स्पर्धा सुरू करते. समतोल आहार, पुरेशी झोप, पाणी वगैरे तुम्हाला माझ्यापेक्षा अधिक ठाऊक असेल, म्हणून तेही सोडून देते.

आधी पाळीबद्दल लिहिते, कारण तुमच्या पत्रात ती गोष्ट शेवटच्या ओळीत आली आहे आणि माझ्या मते ती पहिल्या ओळीत यायला हवी होती. नियमित पाळी येणाऱ्या स्त्रीची पाळी सलग तीन महिने आली नाही तर तपासणी करावी, हा सर्वमान्य नियम आहे. गरोदरपण, थायरॉइडचा बिघाड, प्रोलॅक्टिन या संप्रेरकाची वाढ ही कारणे आधी तपासली जातात. ती नसतील, आणि व्यायाम भरपूर व खाणे अपुरे असेल, तर मेंदूतील हायपोथॅलॅमस हा भाग बीजकोषांना दिले जाणारे संकेत मंद करतो. शरीराकडे आलेली ऊर्जा व्यायामातच संपते, मागे काही उरत नाही, आणि मग जगण्यासाठी तातडीचे नसलेले काम शरीर थांबवते. इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक घटते आणि त्यासोबत हाडेही विरळ होऊ लागतात. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१४ मध्ये खेळाडूंमधील या ऊर्जातुटीवर स्वतंत्र निवेदन काढले आणि त्यात पुरुष खेळाडूंचाही समावेश केला. पुरुषांना पाळीसारखी स्पष्ट खूण नसते. त्यांचे टेस्टोस्टेरॉन घटते, थकवा येतो, आणि ते कोणाच्या लक्षातही येत नाही.

आता ज्याने माझे सर्वांत जास्त नुकसान केले त्याविषयी. ते एक क्लिनिक होते. नाव लिहिणार नाही. आत जाण्यापूर्वी काउंटरजवळच्या काट्यावर वजन घेतले जाई आणि ते कार्डावर मागच्या वेळच्या आकड्याखाली लिहिले जाई. डॉक्टर तो रकाना वरून खाली पाहत, आणि आकडे उतरते दिसले की म्हणत, "छान, वजन उतरतंय, असंच चालू ठेवा." सोनोग्राफीत बीजकोषांत बारीक गाठींसारख्या पुटकुळ्या दिसल्या, पाळी बंद होती, तेवढ्यावर पीसीओडी असे निदान झाले. मला हातात दिलेला आहाराचा छापील कागद बाहेर बाकावर बसलेल्या प्रत्येकीच्या हातात होता: भात बंद, तूप बंद, साखर बंद, रोज व्यायाम. मी भात, तूप आणि साखर कधीच बंद केली होती आणि व्यायाम दोन वेळा करत होते. दिवसभरात काय खाता, किती धावता, हा प्रश्न त्या खोलीत एकदाही विचारला गेला नाही. हा प्रश्न विचारायला अर्धा मिनिट लागतो, आणि तो न विचारल्याचा राग मला आजही आहे.

निदान कुठे चुकते हे नीट समजून घ्या, कारण तुमच्या बाबतीत तसेच होत असण्याची शक्यता मला दिसते. पीसीओडी किंवा पीसीओएस ठरवण्याचे जे निकष २००३ मध्ये रॉटरडॅम येथे ठरले, त्यांत तीनपैकी दोन लक्षणे असावी लागतात: पाळीतील अनियमितता, पुरुषी संप्रेरकांचे आधिक्य (चेहऱ्यावर केस, मुरुमे किंवा रक्ततपासणीत तसे दिसणे), आणि सोनोग्राफीत बीजकोषांचे विशिष्ट रूप. परंतु त्याच निकषांत इतर कारणे आधी वगळावीत अशी अट आहे. उपासमारीमुळे पाळी थांबलेल्या अनेक स्त्रियांच्या सोनोग्राफीतही बीजकोष तसेच दिसू शकतात. म्हणजे कागदावर दोन खुणा जुळतात आणि उपचार मात्र नेमका उलटा होतो: जिला जास्त खाण्याची आणि विश्रांतीची गरज आहे तिला कमी खा आणि आणखी पळा असे सांगितले जाते. अनेक स्त्रियांना पीसीओएस खरोखर असतो आणि त्यांना व्यायामाने फायदाही होतो, त्यामुळे हे वाचून कोणी आपले निदान परस्पर रद्द करू नये. एलएच, एफएसएच, इस्ट्राडिऑल, प्रोलॅक्टिन आणि थायरॉइड या संप्रेरकांचे रिपोर्ट एकत्र पाहूनच डॉक्टर फरक करू शकतात.

दुसरी गोष्ट गोळ्यांची. मला पाळी आणणाऱ्या संप्रेरकांच्या गोळ्या दिल्या गेल्या, दर महिन्याला रक्तस्राव होऊ लागला, आणि सगळे सुरळीत झाले असे घरच्यांनाही वाटले. तो रक्तस्राव गोळी थांबवल्यामुळे येतो. शरीर पूर्ववत झाल्याचा तो पुरावा नसतो. अमेरिकेतील एंडोक्राइन सोसायटीने २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत, या प्रकारच्या पाळीबंदीत केवळ पाळी आणण्यासाठी किंवा हाडे सुधारण्यासाठी गर्भनिरोधक गोळ्या देऊ नयेत असे सुचवले आहे. माझी नडगी दुखू लागली, ते दुखणे धावण्याचे म्हणून सोडून दिले गेले, आणि शेवटी हाडाला ताणाने गेलेला बारीक तडा निघाला. पाळीविषयी पहिला खोलात जाऊन प्रश्न विचारला तो अस्थिरोगतज्ज्ञांनी. हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा तपासणीचा रिपोर्ट त्यांनी समोर ठेवला तेव्हा हे सारे एकाच कारणाने जोडलेले आहे हे प्रथम कळले. तुम्ही गोळ्या घेत असाल तर माझ्या सांगण्यावरून बंद करू नका. मात्र पुढच्या भेटीत हा विषय स्वतःहून काढा.

आता तुमचा मूळ प्रश्न. निष्ठा आणि झपाटलेपण यांतला फरक तासांवरून किंवा ताटावरून ओळखता येत नाही, असे माझे ठाम मत आहे. आपल्या कोल्हापुरात तर कष्टाला नावे ठेवण्याची पद्धतच नाही. गंगावेस किंवा मोतीबाग तालमीतला मल्ल पहाटे उठून जोर-बैठका मारतो आणि लाल मातीत लढतो. त्याचा दिनक्रम आपल्यापेक्षा कितीतरी कठोर असतो. पण त्या मेहनतीसोबत खुराक असतो, दूध, तूप, बदामाची थंडाई, मटण असते, दुपारची झोप असते, मालिश असते, आणि दुखापत झाली की आज मातीत उतरायचे नाही असे सांगणारा वस्ताद असतो. तिथे मेहनत वाढली की खुराक वाढतो. तुमच्या पत्रात मेहनत वाढत गेली आहे आणि ताट लहान होत गेले आहे. कुस्तीतही वजनगटासाठी वजन तोडतात आणि त्याचे हाल शरीर सोसते, हे मी जाणते. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये शंभर ग्रॅमसाठी विनेश फोगाट यांना काय सोसावे लागले ते सर्वांनी पाहिले. परंतु त्या तोडण्याला स्पर्धेची तारीख असते. तुमच्या कमी खाण्याला कोणती तारीख आहे, हे स्वतःला विचारून पाहा.

मी स्वतः ज्या खुणेवर विश्वास ठेवते ती चुकलेल्या दिवसाची आहे. पाऊस लागला, ताप आला, घरी पाहुणे आले आणि धावणे राहिले, तर ज्याची निष्ठा आहे त्याला हळहळ वाटते आणि दुसऱ्या दिवशी तो नेहमीसारखा धावतो. झपाटलेल्या माणसाचा तो दिवस जातच नाही. तो रात्री खोलीचे दार लावून उठाबशा काढतो, दुसऱ्या दिवशी दुप्पट धावतो, किंवा जेवण कमी करून भरपाई करतो. माझ्या आईने थापलेली ज्वारीची भाकरी मी काट्यावर ठेवी आणि आकडा जुळेपर्यंत कडेचे तुकडे मोडून बाजूला ठेवी. आई समोर तव्यावर दुसरी टाकत असे आणि ते तुकडे काही न बोलता स्वतःच्या ताटात घेई. त्या वेळी मला ते मोजणे म्हणजे शिस्त वाटत होती, आणि काटा बिघडला त्या दिवशी मी जेवूच शकले नाही. लग्नात डबा नेणे ही एखाद्या वेळी सोय असू शकते. तो डबा नसता तर तुम्ही लग्नाला गेला असतात का, हे महत्त्वाचे आहे.

पण या खुणा स्वतः तपासण्याला एक मर्यादा आहे, आणि माझ्या मते हाच सर्वांत महत्त्वाचा मुद्दा आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ मध्ये, अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात संशोधक अॅन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना स्वेच्छेने २४ आठवडे अर्धपोटी ठेवले. ते तरुण मनाने खंबीर म्हणूनच निवडलेले होते. काही आठवड्यांत त्यांना अन्नाशिवाय दुसरे सुचेना; काही जण पाककृतींची पुस्तके जमवू लागले, घास चिवडत तासन्‌तास जेवू लागले, चिडचिडे आणि एकलकोंडे झाले. म्हणजे अन्नाचा हा ध्यास केवळ स्वभावातून येतो असे नाही. उपाशी राहिल्यानेही तो जडतो. ज्या मेंदूला पुरेसे अन्न मिळत नाही तोच मेंदू आपले सगळे ठीक आहे असा निवाडा देत असतो, म्हणून या काळात स्वतःच्या निवाड्यावर विसंबू नये. आधी शरीराला पुरेसे द्यावे, पाळी परत यावी, आणि मग हा प्रश्न पुन्हा स्वतःला विचारावा. मला तरी उत्तर त्यानंतरच स्पष्ट दिसले.

ट्रेनरविषयी थोडे स्पष्ट लिहिते. चांगला ट्रेनर पाळी बंद असल्याचे कळताच व्यायाम कमी करायला लावतो आणि डॉक्टरकडे पाठवतो. पाळी बंद असणे हे कष्टाचे लक्षण आहे, असे सांगणारा माणूस तुमच्या शरीराची जबाबदारी घेण्यास लायक नाही, मग त्याच्या भिंतीवर कितीही प्रमाणपत्रे लावलेली असोत. उपवासांबद्दलही हेच. अंबाबाईच्या नवरात्रात नऊ दिवस उपवास धरणाऱ्यांविषयी मला आदर आहे, माझ्या घरी तो पिढ्यान्‌पिढ्या आहे. परंतु या आजाराला उपवासाची आड फार सोयीची पडते, कारण उपवास आहे म्हटल्यावर कोणी ताटाकडे पाहत नाही. त्या वर्षांत माझे उपवास वाढत गेले होते आणि भक्ती वाढलेली नव्हती. पाळी परत येईपर्यंत यंदाचे उपवास सोडा. आजाऱ्याला त्यातून मोकळीक आपल्याकडे पूर्वीपासून आहे.

आजाराचे नाव मिळण्याची वाट पाहू नका, हेही सांगते. शुद्ध खाण्याच्या अतिरेकाला अमेरिकन डॉक्टर स्टीव्हन ब्रॅटमन यांनी १९९७ मध्ये ऑर्थोरेक्सिया असे नाव दिले, पण मानसोपचारात वापरल्या जाणाऱ्या डीएसएम-५ या सूचीत तो स्वतंत्र आजार म्हणून नाही. त्याच सूचीनुसार वजन नॉर्मल दिसत असतानाही खाण्याचा गंभीर आजार असू शकतो. त्यामुळे "तुझं वजन तर व्यवस्थित आहे" या वाक्याने निश्चिंत होऊ नये.

स्त्रीरोगतज्ज्ञ बदला, आणि नव्या डॉक्टरांकडे जाताना शेवटच्या नैसर्गिक पाळीची तारीख, आठवड्याचा खरा व्यायाम आणि दोन-तीन दिवसांचे खरे खाणे एका कागदावर लिहून न्या. तोंडी सांगताना आपण खाणे वाढवून आणि व्यायाम कमी करून सांगतो. सोबत मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. सीपीआरला, म्हणजे आपल्या छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात, मानसोपचार विभाग आहे, आणि प्रत्यक्ष जाण्याचा धीर होत नसेल तर टेलि-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीत बोलता येते. खाणे वाढवायचे ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली वाढवा, कारण दीर्घ उपासमारीनंतर एकदम भरपूर खाण्याने रक्तातील क्षार बिघडून धोका होऊ शकतो. चक्कर येऊन पडणे, छातीत धडधड किंवा नाडी फार मंद होणे, यांपैकी काही झाले तर भेटीच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालयात जा. मंद नाडी म्हणजे खेळाडूचे हृदय, असे कोणी सांगितले तरीही जा.

आणि जाताना आईला सोबत न्या. तुम्ही सांगायचे टाळाल ते आई डॉक्टरांना सांगतील.