होळी प्रह्लादाच्या कथेतून आली, की सण त्याआधीचाच आहे?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात: होळीचं मूळ होलिकादहनात आहे का, आणि नागपुरात जुन्या पद्धतीने होळी करायची तर काय करावं.

माझ्या मते सण आधीचा, होलिकेची गोष्ट त्याला मागाहून जोडली गेली. विष्णुपुराणात प्रह्लादाला आगीतही टाकतात, पण होलिका आत्या तिथे नाही. भागवतातही नाही. ‘होलाका’, म्हणजे होळीचं जुनं नाव, मात्र जैमिनीच्या मीमांसासूत्रांवरच्या (वेदातल्या विधींचा अर्थ लावणारा ग्रंथ) शबरभाष्य या जुन्या टीकेत येते, पूर्वेकडच्या लोकांचा आचार म्हणून. वेदात न सापडणारी, एकाच मुलखातली चाल सगळ्यांना लागू मानायची का, हा तिथला वाद. निकाल ‘मानायची’ असा लागला. म्हणजे चाल लोकांची, शास्त्राने तिला नंतर पदरात घेतलं.

आपण तोंडावर हात मारून बोंब ठोकतो, त्याचं कारण भविष्यपुराणात वेगळंच आहे. ढोंढा राक्षशिणीला देव, माणूस, शस्त्र कशाचंच भय नव्हतं. पोरांचा दंगा आणि शिव्या मात्र तिला सोसवत नसत. म्हणून लाकडं रचून पेटवायची आणि भोवती आरडाओरडा करायचा. रंगाचा धागा आणखी निराळा. सातव्या शतकातल्या हर्ष राजाच्या ‘रत्नावली’ नाटकात मदनमहोत्सवात, म्हणजे कामदेवाच्या वसंतोत्सवात, गुलाल उधळतात, पिचकाऱ्या उडवतात, तिथे होळी पेटत नाही.

आता घरचं. चाकोल्या म्हणजे होळीत टाकायच्या छिद्राच्या छोट्या गोवऱ्या. त्यांच्यासाठी ताज्या शेणात थोडा भुसा मळून बोटभर जाडीच्या चकत्या थापा. मधलं छिद्र ओलं असतानाच पाडा, वाळल्यावर पाडायला गेलात तर चाकोली तडकते. आठवडाभर कडक उन्हात, रोज उलटून. जाड थापल्या तर आत ओल राहते आणि होळीत नुसता धूर होतो. माळ सुतळीत ओवा. पोरांच्या गळ्यात घालायच्या साखरेच्या गाठ्या बाजारात मिळतातच. पुण्याकडे त्या गुढीपाडव्याला लागतात, आपल्याकडे होळीलाच.

धुळवडीच्या रंगासाठी पळसाची खाली पडलेली फुलं वेचा, झाड ओरबाडू नका. सावलीत वाळवा, उन्हात रंग उडतो. दोन ओंजळी फुलं तीन लिटर पाण्यात उकळून रात्रभर ठेवा, सकाळी फडक्याने गाळा. चिमूटभर खायचा चुना टाकला की पिवळा रंग केशरी होतो. चुना जास्त झाला तर अंग चुरचुरतं. हे पाणी त्याच दिवशी संपवा, मार्चच्या उन्हात ते लवकर आंबतं.