वाचकांचे प्रश्न : जिवंत आच्छादन आणि हिरवळीचे खत

प्रश्न : टोमॅटोची रोपे लावली त्याच दिवशी मधल्या जागेत चवळी पेरली. महिन्याभरात चवळी रोपांवर चढली आणि टोमॅटोची खालची पाने पिवळी पडू लागली. चवळी तर नत्र देते ना?

उत्तर : देते, पण मेल्यावर. जिवंत असताना हवेतून घेतलेले बहुतेक नत्र ती स्वतःच्याच वाढीला वापरते. शेजारच्या पिकाला ते मिळते मुळे आणि पाला कुजल्यावर. तोपर्यंत जिवंत आच्छादन, म्हणजे माती झाकायला मधल्या जागेत पेरलेली अशी चवळी, हे वाफ्यातले दुसरे पीकच आहे, आणि त्यालाही पाणी लागते.

तुमचा मुहूर्त चुकला. चवळी चार-पाच दिवसांत उगवते, टोमॅटोचे रोप मात्र मुळे धरायला दोन आठवडे घेते. पुढच्या वेळी लावणीनंतर तीन-चार आठवड्यांनी पेरा आणि खोडाभोवती वीतभर जागा मोकळी ठेवा. वाण वेलीचा नको, झुडपी हवा.

आता चवळी जमिनीलगत विळ्याने कापा. उपटू नका, टोमॅटोची मुळे दुखावतील. कापलेला पाला तिथेच पसरा, खोडाला टेकवू नका. पिवळ्या पानांवर एकात एक काळपट वलये असतील तर तो करपा आहे; ती पाने तोडून वाफ्याबाहेर टाका.

प्रश्न : हिरवळीचे खत म्हणून उभा हिरवा ताग कापून मातीत गाडला आणि आठव्या दिवशी पालक पेरला. जेमतेम पाव बी उगवले, त्यातलीही रोपे कोलमडली.

उत्तर : घाई झाली. ताजा पाला कुजताना बारीक बियांची उगवण रोखणारी द्रव्ये सुटतात, आणि रोपे कोलमडवणाऱ्या बुरशीलाही तोच पाला खाद्य होतो. गाडल्यावर दोन-तीन आठवडे थांबा, माती ओलसर राहू द्या. मूठभर माती हुंगून पाहा. आंबूस वास येत असेल तर अजून थांबा.

ताग कापण्याची वेळही महत्त्वाची : पेरणीपासून ४५ ते ५० दिवस, फुले येण्याआधी. खोड वाकवल्यावर मोडायच्या ऐवजी दोरीसारखे चिवट लागले, तर उशीर झाला. असा ताग सावकाश कुजतो आणि कुजवणारे जीवाणू मातीतलेच नत्र ओढून घेतात. बी दर चौरस मीटरला ५ ते ६ ग्रॅम पुरते. बोटभर लांबीचे तुकडे करून वाफशावर, म्हणजे माती ओलसर पण हाताला न चिकटणारी असताना, वरच्या १० ते १५ सेंटिमीटर मातीत मिसळा. खोल पुरलेला पाला हवेवाचून सडतो.

थांबणे जमत नसेल तर ताग गाडूच नका. कापून वरच अंथरा आणि पाला बाजूला सारून तयार रोपे लावा. बी पेरायला मात्र ही रीत चालत नाही.

प्रश्न : चवळीच्या मुळांवर गाठी आहेत. त्या चांगल्या की सूत्रकृमीच्या (मुळांत शिरणाऱ्या सूक्ष्म जंतांच्या)?

उत्तर : नखाने खरवडून पाहा. मुळाच्या कडेला चिकटलेली, सहज सुटणारी आणि आतून गुलाबी गाठ म्हणजे हवेतले नत्र पकडून झाडाला देणारे जीवाणू कामाला लागले आहेत. आतून पांढरी गाठ कोवळी तरी असते किंवा निकामी. वाफ्यात युरिया जास्त पडला की असे होते. मूळच फुगले असेल आणि गाठ सुटत नसेल, तर सूत्रकृमी. चवळीचे कित्येक वाण त्यांना पोसतात, त्यामुळे त्या वाफ्यात पुढे वांगी, टोमॅटो, भेंडी लावणे धोक्याचे. तिथे चवळीऐवजी ताग किंवा दाट झेंडू घ्या. झेंडू निदान दोन महिने उभा हवा, कडेला चार रोपे लावून काही होत नाही.