काळीज कुठलं? छातीतलं की बरगडीखालचं?

अंबाजोगाई भागातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करणाऱ्या सिस्टरांचा प्रश्न आहे. त्या लिहितात: "माझं माहेर सांगलीकडचं. इथली म्हातारी माणसं 'काळजात दुखायलंय' म्हणतात आणि हात ठेवतात पोटाच्या वरच्या भागावर. मटणाच्या दुकानात काळीज मागितलं की लिव्हर मिळतं. शाळेत मात्र काळीज म्हणजे हृदय असंच वाचलं होतं. मग खरं काळीज कोणतं? केसपेपरवर मी काय लिहू? आणि 'काळीजात' बरोबर की 'काळजात'?"

प्रश्न फार मोलाचा आहे, कारण यात शब्दाचा अर्थ चुकला तर माणसाच्या जिवावर बेतू शकतं. म्हणून आधी थोडक्यात उत्तर देतो. जन्माने काळीज म्हणजे यकृत. पुढे ते मराठीत हृदयाचंही नाव झालं. आणि पेशंटच्या तोंडी ते बहुतेक वेळा या दोन्हींपैकी एकाही अवयवाचं नाव नसतं. छातीच्या मधल्या हाडापासून बेंबीच्या वरपर्यंतच्या सगळ्या मुलखाला तो काळीज म्हणतो. त्यामुळे केसपेपरवर काळजाचं भाषांतर करू नका. पेशंटचा शब्द आहे तसा लिहा आणि त्याने बोट कुठे ठेवलं ते शेजारी लिहा.

आता शब्दाचं मूळ बघू. संस्कृतात यकृताला 'कालेय' असा एक शब्द आहे. काल म्हणजे काळा, आणि यकृताचा रंग काळपट तांबडा. अमरकोश या जुन्या संस्कृत शब्दकोशात यकृताला 'कालखण्ड' असाही शब्द दिलाय: 'कालखण्डयकृती तु समे इमे', म्हणजे कालखंड आणि यकृत हे दोन्ही एकच. आज आपण कालखंड म्हटलं की शिवकाल, यादवकाल आठवतो, पण तिथे तो शब्दशः काळा तुकडा आहे. कालेयचं काळीज कसं झालं हेही सरळ आहे. फल-फळ, कमल-कमळ होतं तसा ल चा ळ झाला. शय्येची शेज झाली तसा शेवटच्या य चा ज झाला; मधल्या टप्प्यावर प्राकृतात 'कालिज्ज' सापडतो. हिंदीतला कलेजा आणि आपलं काळीज ही एकाच घरातली भावंडं आहेत.

याचा जिवंत पुरावा हवा असेल तर नांदेडच्या पुढे देगलूरच्या बाजूला जा. सीमेपलीकडे तेलुगू सुरू होते, आणि तेलुगूत यकृताला आजही 'कालेयम्' म्हणतात. तिथल्या खानावळीत 'मटण कार्जम' मागवलं तर ताटात लिव्हरच येतं. त्या भाषेत शब्द जागचा हलला नाही. हृदयाला तेलुगूत 'गुंडे' हा वेगळा, अस्सल घरचा शब्द असल्यामुळे कालेयमला हृदयाचं काम करायची गरजच पडली नसावी, असं मला वाटतं.

आपल्याकडे मात्र शब्दावर तीन भाषांचे थर चढले. मराठवाडा 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता. कचेरीची भाषा उर्दू. हैदराबादचं उस्मानिया विद्यापीठ 1918 साली सुरू झालं ते उर्दू माध्यमाचं, आणि तिथे वैद्यकशास्त्रसुद्धा उर्दूतून शिकवत. त्यामुळे आपल्या भागातल्या जुन्या पिढीच्या बोलण्यात गुर्दा, फेफडं, नस, तब्येत, दवाखाना हे शब्द इतके मुरलेत की ते परके वाटतच नाहीत. त्याच वाटेने जिगर आलं. जिगर म्हणजे फारसीत यकृतच. पण जिगरी दोस्त म्हणताना कुणाला यकृत आठवतं? फारसीत जिगर हे मायेचं आणि धाडसाचं ठिकाण झालं, हिंदीत कलेजा झाला, मराठीत काळीज झालं. वाघाचं काळीज, काळजाचा तुकडा, काळीज तिळतिळ तुटणं, काळजाला घरं पडणं, काळजाचं पाणी पाणी होणं. यातलं एकही पंपाचं काम करणाऱ्या अवयवाला धरून नाही. फक्त 'काळजाचा ठोका चुकला' म्हणतो तेव्हा आपण नक्की हृदयाकडे बोट दाखवतो, कारण ठोका यकृताला नसतो.

यकृताकडून हृदयाकडे हा शब्द सरकला कसा, याबद्दल माझं एक मत आहे. मराठवाड्यातल्या कुठल्याही बाजाराच्या गावी सकाळी खाटकाच्या दुकानासमोर उभं राहून बघा. बोकड कापल्यावर छातीतला ऐवज सुटा सुटा निघत नाही. श्वासनळी धरून ओढली की तिला लागून दोन्ही फेफडी येतात, त्यांच्या मधोमध मुठीएवढं घट्ट, पांढऱ्या चरबीचं हृदय, आणि खाली पडद्याला चिकटलेलं गुळगुळीत, काळपट, जडशीळ यकृत. पुष्कळदा हा सगळा घड एकाच आकड्याला लटकवलेला असतो. ज्या समाजाने शरीराच्या आतलं जे काही पाहिलं ते असंच पाहिलं, त्याला 'आतलं, जिवाच्या जवळचं' यासाठी एकच शब्द पुरला तर नवल नाही. खाटीक मात्र कधी चुकत नाही. त्याला वजन करून पैसे घ्यायचे असतात, त्यामुळे तो कलेजी वेगळी, गुर्दा वेगळा आणि दिल वेगळं देतो. म्हणून तुम्हाला दुकानात काळजाचा मूळ अर्थ सापडला आणि शाळेच्या पुस्तकात नंतरचा.

जुन्या वैद्यकानेही या दोघांची कामं वेगळीच ठेवली होती. चरकसंहितेत रक्त वाहणाऱ्या स्रोतसांचं, म्हणजे मार्गांचं, मूळ यकृत आणि प्लीहा (डाव्या बरगड्यांखालची पानथरी) सांगितलंय, तर सुश्रुताने हृदयाला चेतनेचं स्थान म्हटलंय. पश्चिमेकडे गेलन या प्राचीन ग्रीक वैद्याच्या मतानुसार यकृतातच रक्त तयार होतं असं शतकानुशतकं मानत होते. 1628 मध्ये विल्यम हार्वे या इंग्रज डॉक्टरांनी रक्त हृदयातून निघून फिरून हृदयाकडेच येतं हे दाखवलं तेव्हा तो समज ढासळू लागला. तरी यकृताचा रक्ताशी संबंध अगदीच खोटा नव्हता. आईच्या पोटात असताना मधले काही महिने बाळाच्या रक्तपेशी मुख्यतः यकृतातच तयार होतात. पुढे ते काम हाडांच्या मज्जेकडे जातं.

आता तुमच्या कामाचा भाग. इथे शब्द थोडा बाजूला ठेवून शरीर बघायला हवं.

मोठ्या माणसाचं यकृत साधारण दीड किलोचं असतं आणि उजव्या बरगड्यांखाली दडलेलं असतं. त्याचा डावा भाग छातीच्या हाडाखालचा मधला खड्डा ओलांडून पलीकडे जातो. हृदय 250 ते 350 ग्रॅमचं, छातीच्या हाडामागे, थोडं डावीकडे झुकलेलं. या दोघांमध्ये असतो तो फक्त श्वासपटलाचा पातळ स्नायू. हृदयाची खालची बाजू त्याच पडद्यावर टेकलेली असते आणि पडद्याच्या खाली लगेच यकृत आणि जठर. म्हणजे म्हातारीने हात जिथे ठेवला तिथून चार बोटांच्या आत हृदय, अन्ननलिकेचं खालचं टोक, जठर, यकृत हे सगळं आहे. थोडं उजवीकडे पित्ताशय, मागे स्वादुपिंड.

दुसरी गोष्ट आणखी महत्त्वाची. आतल्या अवयवांची वेदना कातडीसारखी नेमक्या जागी कळत नाही. हृदयाकडून आणि जठर-अन्ननलिकेकडून येणाऱ्या संवेदना मज्जारज्जूत जवळपासच्या पातळ्यांवर शिरतात. छातीच्या आणि हाताच्या कातडीकडून येणाऱ्या संवेदनाही तिथेच येतात. मेंदूला उगम नेमका ओळखता येत नाही. म्हणून हृदयाचं दुखणं डाव्या दंडात, जबड्यात, नाहीतर पोटाच्या वरच्या खड्ड्यात जाणवतं. हृदयाच्या खालच्या भिंतीचा रक्तपुरवठा बंद पडला की माणूस मळमळ, उलटी, पोटात आग अशी तक्रार घेऊन येतो आणि घरचे म्हणतात, रात्री भजी खाल्ली होती. बायकांमध्ये, म्हाताऱ्यांमध्ये आणि शुगर असलेल्यांमध्ये छातीत कळ न येता नुसता घाम, धाप, थकवा आणि पोटाची तक्रार असा झटका येऊ शकतो.

आणि गंमत बघा, शब्दाच्या मूळ अर्थाने 'काळजात दुखणं' जवळपास अशक्यच आहे. यकृताच्या आतल्या मांसाला वेदना कळत नाही. यकृत सुजलं आणि त्याच्या वरचं पातळ आवरण ताणलं गेलं, तरच उजव्या बरगडीखाली जड, बोथट दुखतं.

ही गफलत फक्त आपल्या भाषेत आहे असं नाही. जठराच्या वरच्या तोंडाला वैद्यकात 'कार्डिया' म्हणतात. तो ग्रीक शब्द मुळात हृदयाचा. इंग्रजीत छातीतल्या जळजळीला 'हार्टबर्न' म्हणतात, तिचा हृदयाशी काही संबंध नाही, जठरातलं आम्ल वर अन्ननलिकेत चढतं म्हणून ती होते. जिथे माणूस हात ठेवतो तिथे जे असेल त्याला मनाचं नाव मिळतं, असं जगभर झालेलं दिसतं.

म्हणून केसपेपरवर मी असं लिहीन: 'काळजात दुखायलंय' (पेशंटचे शब्द), सकाळपासून, हात छातीच्या हाडाखालच्या खड्ड्यावर, घाम आहे किंवा नाही, डाव्या हाताकडे कळ जाते किंवा नाही, जेवणाशी संबंध आहे किंवा नाही. 'हृदयात वेदना' असं लिहू नका आणि 'पोटदुखी' असंही लिहू नका. दोन्हींमध्ये तुम्ही पेशंटच्या वतीने निदान करून टाकता. पुढचा माणूस पोटदुखी वाचून आम्लपित्ताची गोळी देईल. अशा तक्रारीचा पेशंट आला की पहिल्या दहा मिनिटांत ईसीजी काढावा असा नियमच आहे. तुमच्याकडे ईसीजीची सोय नसेल आणि घाम, धाप, दडपण असेल तर वेळ न घालवता 108 ला फोन करून पुढे पाठवा.

पेशंटला विचारताना 'काळजात म्हणजे कुठं?' असं विचारू नका, तो पुन्हा काळीजच म्हणेल. 'बोट ठिवून दावा बरं, मावशी' असं म्हणा. एका बोटाने जागा दाखवणारा आणि सगळा पंजा छातीवर पसरणारा किंवा मूठ दाबून धरणारा, यात फरक असतो. मूठ धरणाऱ्याकडे जास्त लक्ष द्या.

इकडे आलाच आहात तर आणखी काही शब्द कानावर पडतील. दुखायलंय, मळमळायलंय हे रूप आमच्याकडे चालू क्रियेचं, म्हणजे दुखतंय, मळमळतंय. लातूरकडे हेच दुखूलालंय होतं, संभाजीनगर-जालन्याकडे दुखू राहिलंय. कोठा जड झाला म्हणजे पोट साफ नाही. पानथरी म्हणजे प्लीहा, हिवतापाने ती वाढायची म्हणून हा शब्द घराघरांत माहीत होता; आता तरुण पोरांना सांगावा लागतो. 'कुशीत कळ' हे मूत्रपिंडाच्या खड्याचं वर्णन असू शकतं, ती कळ कमरेच्या बाजूने खाली जांघेकडे उतरते का ते विचारा. 'नस दबली' आणि 'शिरा आखडल्या' यात मात्र सावध राहा. बोलण्यात नस आणि शीर रक्तवाहिनीलाही म्हणतात आणि मज्जातंतूलाही, तिथेही काळजासारखंच बोट ठेवायला सांगा.

एक गोष्ट माझ्या नेहमी लक्षात येते. जे अवयव खाटकाकडे दिसतात त्यांना घरगुती नावं आहेत: काळीज, गुर्दा, फेफडं, आतडं, पानथरी, भेजा. स्वादुपिंडाला नाही. ते मागे दडलेलं, मऊ, चरबीसारखं दिसणारं. वेगळं म्हणून कुणी ओळखलंच नसावं. म्हणून त्याचं दुखणं आपल्या बोलण्यात अवयवाच्या नावाने येत नाही, 'शुगर झाली', 'साखर वाढली' असं येतं.

राहिला शुद्धलेखनाचा प्रश्न. 'काळजात' बरोबर, 'काळीजात' चूक. माणूस-माणसाला, कापूस-कापसाचा यात मधला ऊ जसा गळतो, तसा काळीज-काळजाला यात मधला ई गळतो. 'काळजी' हा शब्दही याच काळजावरून आलेला मानतात, आणि तिथेही मधला ई असाच गेलेला आहे.