माजी पंतप्रधानांनी केलेल्या टीकेने काही फरक पडतो का?

तुम्ही विचारलंय की एखादा माजी पंतप्रधान सत्तेवरच्या पंतप्रधानाच्या लोकानुनयावर जाहीर टीका करतो, तेव्हा त्याने खरंच काही होतं, की ती नुसती खुर्ची गेल्याची जळफळ असते?

मला वाटतं, तो कोणाला उद्देशून बोलतोय यावर ते ठरतं. मतदारांवर फारसा परिणाम होत नाही. न्यायालयात आणि सभागृहात मात्र होऊ शकतो. हे मी ब्रिटनच्या अनुभवावरून सांगतोय. मी बरीच वर्षं यॉर्कशरमध्ये, वेकफील्डजवळ राहतो. पासपोर्ट अजून भारताचाच आहे, पण राष्ट्रकुलातल्या देशाचा नागरिक इथे कायदेशीर राहत असेल तर त्याला संसदेच्या निवडणुकीत मत देता येतं. त्यामुळे 2019 ची निवडणूक मी नुसती टीव्हीवर पाहिली नाही.

बोरिस जॉन्सन तेव्हा नुकतेच पंतप्रधान झाले होते. त्यांची मांडणी सोपी होती: जनतेने ब्रेक्झिटचा, म्हणजे युरोपीय संघातून बाहेर पडण्याचा कौल दिलाय, खासदार आणि न्यायाधीश तो अडवून बसलेत. त्यांनी पाच आठवड्यांसाठी संसद स्थगित केली. विरोधात मत देणाऱ्या आपल्याच 21 खासदारांना संसदीय पक्षातून काढलं. त्यात चर्चिल यांचे नातूही होते. त्या वेळी सगळ्यात जोरदार घरचा आहेर आला तो जॉन मेजर यांच्याकडून. हुजूर पक्षाचेच, 1990 ते 1997 या काळातले पंतप्रधान. ते नुसते मुलाखती देऊन थांबले नाहीत, आपल्याच पक्षाच्या सरकारविरुद्धच्या खटल्यात वकील देऊन सामील झाले. 24 सप्टेंबर 2019 ला सर्वोच्च न्यायालयाच्या 11 न्यायाधीशांनी एकमताने स्थगिती बेकायदा ठरवली. मेजर यांच्यामुळेच निकाल लागला असं मी म्हणणार नाही, पण ज्याने स्वतः पंतप्रधानपदावर बसून हे अधिकार वापरलेत, तो ते कसे वापरायचे असतात हे सांगतो तेव्हा सरकारी वकिलाला ‘तुम्हाला राज्यकारभारातलं काय कळतं’ असं म्हणता येत नाही. (मेजर यांनीही 1997 मध्ये निवडणुकीआधी संसद नेहमीपेक्षा लवकर स्थगित केली होती. पैसे घेऊन प्रश्न विचारणाऱ्या खासदारांवरचा अहवाल टाळायला, असा आरोप तेव्हा झाला. 2019 मध्ये मेजर यांच्या विरोधकांनी तो अर्थातच उकरून काढला.)

पण तीनच महिन्यांत हेच मेजर मतदारांकडे गेले. पक्षातून काढलेल्या आणि अपक्ष उभ्या राहिलेल्या तिघांना मत द्या, असं त्यांनी उघड आवाहन केलं. तिघेही पडले. जॉन्सन 365 जागा घेऊन आले. आमचं वेकफील्ड 1932 पासून सलग मजूर पक्षाकडे होतं, तेही हुजूर पक्षाकडे गेलं.

असं का झालं, ते मला माझ्या शेजाऱ्यांकडून कळलं. सत्तरी ओलांडलेले गृहस्थ, तरुणपणी कोळशाच्या खाणीत होते. मी एकदा कुंपणापाशी मेजर यांच्या आवाहनाचा विषय काढला. ते हसले. 1992 मध्ये मेजर यांच्याच सरकारने एका फटक्यात 31 खाणी बंद करण्याची घोषणा केली होती, सुमारे 30 हजार लोकांची रोजी जाणार होती. ‘आणि आता तो माणूस मला सभ्यता शिकवणार?’ एवढंच म्हणाले आणि पुन्हा गुलाबाची छाटणी करायला लागले.

मेख इथेच आहे. ‘ही जुनी मंडळी आणि तुम्ही’ या भांडणावरच लोकानुनयी नेत्याचं दुकान चालतं. जुन्या मंडळींपैकी एक जण उठून टीका करतो, तेव्हा नेत्याला आयताच पुरावा मिळतो. बघा, सगळे एकत्र झालेत. 2020 मध्ये तर खरंच सगळे एकत्र झाले. युरोपीय संघाशी केलेला करार मोडायची सोय असलेलं विधेयक आलं आणि आपण आंतरराष्ट्रीय कायदा मोडतोय हे मंत्र्याने सभागृहातच कबूल केलं. तेव्हा मेजर, ब्लेअर, ब्राउन, कॅमेरॉन, मे या हयात असलेल्या पाचही माजी पंतप्रधानांनी त्यावर टीका केली. एरवी या पाच जणांचं हवामानावरही एकमत झालं नसतं. रस्त्यावर कोणी हललं नाही. पण संसदेच्या वरिष्ठ, म्हणजे लॉर्ड्स सभागृहाने ती कलमं 433 विरुद्ध 165 मतांनी उडवली आणि डिसेंबरमध्ये युरोपशी समझोता झाल्यावर सरकारने ती सोडून दिली.

कोविडच्या टाळेबंदीत जॉन्सन यांच्या कार्यालयात झालेल्या पार्ट्यांचं प्रकरण तुम्हाला आठवत असेल. त्यात सगळ्यात झोंबलेला प्रश्न माझ्या मते जॉन्सन यांच्या आधीच्या पंतप्रधान थेरेसा मे यांचा होता. जानेवारी 2022 मध्ये त्या कॉमन्समध्ये, म्हणजे संसदेच्या कनिष्ठ सभागृहात उभ्या राहिल्या आणि शांतपणे विचारलं: पंतप्रधानांनी नियम वाचले नव्हते, की कळले नव्हते, की ते आपल्याला लागू नाहीत असं वाटलं? आवाज चढवला नाही, विशेषण वापरलं नाही. मागच्या बाकांवरच्या त्यांच्याच खासदारांचे चेहरे पाहण्यासारखे होते. मेजर यांनीही फेब्रुवारीत भाषण करून कायदा मोडला गेलाय असं स्पष्ट सांगितलं. एप्रिलमध्ये पोलिसांनी जॉन्सन यांना दंड केला, जूनमध्ये पक्षांतर्गत विश्वासमतात 148 हुजूर खासदारांनी त्यांच्याविरुद्ध मत दिलं, आणि जुलैत मंत्र्यांनी धडाधड राजीनामे दिल्यावर त्यांनाही राजीनामा जाहीर करावा लागला.

म्हणजे जळफळ असते का? थोडी असणारच, माणसं आहेत. स्वतः मेजर पंतप्रधान असताना त्यांच्या आधीच्या पंतप्रधान थॅचरबाई मागून टोचत होत्या, त्या त्रासाने ते किती वैतागले होते हे सगळ्यांना माहीत आहे. पण मे यांचा प्रश्न निव्वळ जळफळीतला असता तरी त्याला उत्तर द्यावंच लागलं असतं.

आमचे शेजारी 2022 च्या पोटनिवडणुकीत मजूर पक्षाकडे परतले. टाळेबंदीत त्यांच्या भावाच्या अंत्यविधीला मोजकीच माणसं जाऊ शकली होती, हे जाऊ शकले नव्हते. मे यांचा तो प्रश्न मी त्यांना फोनवर दाखवला होता. शेवटपर्यंत ऐकला, म्हणाले, ‘बाई बरोबर बोलली. पण तिलाही मत देणार नाही.’